दोनदा वजा केलेले माप

आमच्या थोरल्या बंधूंचे परमेश्वराशी असलेले संबंध इतके घनिष्ठ आहेत की, त्या दोघांत मतभेद झाल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. दादा डोळे मिटतो, ओठ हलवतो आणि डोळे उघडून जे सांगतो, ते डोळे मिटण्यापूर्वीच ठरलेले असते. लिहायचे आहे ते वास्तविक माझ्या बहिणीविषयी. पण तिच्याविषयी लिहू गेले की दादा आडवा येतोच, तिच्या आयुष्यात आला तसा.

वडिलांचे काच कापण्याचे दुकान होते. मी शिकून कचेरीला चिकटलो, ताई त्यांच्या हाताखाली तयार झाली. काचेवर कापायची हिरकणी एकदाच ओढायची असते. त्याच रेघेवर पुन्हा फिरवली की काच वाटेल तशी तडकते. म्हणून ताई रेघ ओढण्यापूर्वी क्षणभर थांबते. लोकांना वाटते, ती नेम धरते. ती देवाला विचारत असते. भांडणातही ती तशीच थांबते, आणि समोरचा समजतो, हिच्याकडे उत्तर नाही.

वडील गेल्यावर मापे घ्यायला दादा जाऊ लागला. काच चौकटीत अडकू नये म्हणून मापातून सूतभर कमी करावे लागते. वडील स्वतःच मापत आणि स्वतःच कापत. कमी कोणी करायचे, हा प्रश्न कधी उद्भवला नाही. पुढे तो उद्भवला, तरी कोणी कोणाला विचारले नाही. दादा मापतानाच कमी करी, ताई कापताना पुन्हा कमी करी. खिडक्यांची फट काचेभोवती लिंपायच्या लुकणाने बुजत असे, म्हणून निभावले. मग औषधवाल्याच्या कपाटाची काच आली. तिथे लुकण नव्हते. दार ओढताच काच खुळखुळली.

दादा भर दुकानात ओरडला, "डोळे गेलेत हिचे! पुरे आता. उद्यापासून कापायच्या टेबलापाशी जावईबापू उभे राहतील."

दादाच्या या जावईबापूंनी आजवर केकखेरीज काही कापल्याचे ऐकिवात नाही. ताईजवळ मात्र त्या टेबलाखेरीज स्वतःचे असे काहीच नव्हते.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. "ताई, माप त्यानं कमी केलं होतं. तोंडावर सांग त्याच्या."

"थांब रे. आधी विचारते."

"कुणाला? त्याला तर दादानं कधीच फितवलाय!"

"फितला असता तर दादाला एवढं ओरडावं लागलं नसतं," ती हसली. माझे रक्त उकळत होते आणि ही हसत होती!

सकाळी दुकानात जाता जाता मी विचारले, "मिळालं उत्तर?"

"मिळालं. मीही कमी केलं होतं."

"ते त्याला सांगायची काही गरज नाही!"

"मी विचारलंच होतं की माझं काय चुकलं. आता उत्तर आलं, ते गिळून कसं टाकू?"

तिने सांगितले. दादाने गल्ल्यावर हात आपटला. "ऐकलंत जावईबापू? कबूल झाली! मीही काल देवाला विचारलं. तो म्हणाला, बहिणीला विश्रांती दे."

विश्रांती! सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय द्यायचा आणि पायाखाली देवाचे नाव अंथरायचे! मी तोंड उघडणार, तोच ताईने हात वर केला. रेघेपूर्वी थांबते तशी ती थांबली. मग शांतपणे म्हणाली, "दादा, तुझ्याबद्दल काही म्हणाला का रे तो?"

जावईबापू आपले बूट न्याहाळू लागले. दादाने टेप उचलली आणि तो कुठल्याशा खिडकीचे माप घ्यायला निघून गेला.

परतला तो दारातूनच ओरडत. आकडे सांगून झाल्यावर भिंतीकडे पाहत म्हणाला, "पूर्ण माप आहे. मी काही कमी केलेलं नाही!"

"बरं. मग मी करते," ताई म्हणाली आणि टेबलापाशी उभी राहिली. जावईबापूंना चहा आणायला पिटाळण्यात आले.

याला म्हणे समेट म्हणायचे! भर दुकानात केलेल्या अपमानाबद्दल दादाने आजतागायत एक शब्द उच्चारलेला नाही. ताई मला म्हणते, "तूही विचारून बघ ना त्याला." मी विचारतो. पण तिच्यासारखा "माझं काय चुकलं" हा प्रश्न माझ्या तोंडी येत नाही. मी विचारतो, देवा, दादा तिची माफी कधी मागणार? उत्तर येत नाही. आणि प्रश्न मी मागे घेणार नाही.