मुखपृष्ठावरचा डाग

तुम्ही म्हणाल, एवढा शिकलेला माणूस असं करतो का? करतो. मी केलं. चहा घ्या आणि ऐका.

माझं कथांचं पुस्तक छापायला गेलं होतं. जन्मभर पोरांना मराठी शिकवली, निवृत्तीनंतरचं हे पहिलंच पुस्तक. मुखपृष्ठाचं काम दिलं देवकाला. ही माझी जुनी विद्यार्थिनी, दरेकशाला राहते, शाळांच्या भिंती रंगवते. तिनं चित्र पाठवलं. गोंदियात घरी मी पाकीट फोडलं आणि डोकंच फिरलं.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माझा बाप उभा. चेहरा हुबेहूब नाही, पण उभं राहणं त्याचंच. आणि त्याच्या छातीपासून पायापर्यंत हा एवढा तपकिरी डाग. चहाचा. दुसरं काय असणार?

"चित्रावर कप ठेवते ही पोरगी," मी ओरडलो.

बायको म्हणाली, "तिले फोन करून विचारा ना आधी."

विचारायचं कशाला? मी ओलं फडकं घेतलं आणि डाग पुसला. डाग निघाला. त्याच्यासोबत बापाचं धोतर निघालं. मग पाय. कडा सारख्या करायला गेलो तर पोट गेलं. शेवटी पाळीच्या वर नुसतं डोकं तरंगत राहिलं.

आता माणसानं गप्प बसावं की नाही? माझा राग उलट जास्तच चढला. असले स्वस्तातले रंग वापरते म्हणजे काय? चित्र आणि पुस्तकाचं प्रूफ पिशवीत कोंबलं आणि गाडी पकडली.

दरेकशाला देवका शाळेच्या भिंतीवर मोर काढत होती. शेजारी पोरांचा स्वयंपाक करणाऱ्या मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी दोघींसमोर चित्र आपटलं.

"हे काय रंग आहेत? ओल्या फडक्यानं बाप निघून गेला माझा. पावसाळ्यात वाचकाच्या हातात काय उरणार?"

मावशीनं विचारलं, "काऊन गं, सारेच पुस्तकं तू हातानं रंगवून राहिली का?"

"नाई मावशी. या चित्राचा फोटो निघते, मंग छापते."

हे मला माहीत नव्हतं का? होतं. रागात आठवलं नाही. म्हणून आवाज आणखी चढवला. "आणि चहा कायले सांडला त्याच्यावर?"

"चहा नाई सर, गाळ होय," देवका शांतपणे म्हणाली. "चिचगडकडं तुमचं गाव ना, तिथल्या तलावातला. दोन बस बदलून गेली, गाळ आणला, फडक्यातून चाळला, डिंकात कालवला."

"माझ्या बापाच्या अंगावर गाळ? कोणी सांगितलं तुला? पुस्तक वाचलंस तरी का?"

तिनं माझ्याच पिशवीतलं प्रूफ काढलं, पान उघडलं आणि मावशीला ऐकू जाईल असं वाचलं. 'बाप दिवसभर तलावातला गाळ उपसायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा छातीखाली बाप कुठे संपतो आणि गाळ कुठे सुरू होतो, कळायचं नाही.'

मावशीचे हात थांबले. "चांगलं लिवलं जी. कोणं लिवलं?"

देवकानं माझ्याकडे बोट केलं. मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे, आणि पुन्हा तांदळाचं सूप पुढे ओढलं.

तोवर माझा राग उतरायला हवा होता. उतरला नाही, फक्त त्यानं माणूस बदलला: देवकाला सोडून मला धरलं. "दुसरं काढशील?" मी कसंबसं विचारलं.

"काढीन ना सर. पण गाळ आता तुमी आणा."

परतीच्या गाडीत मी प्रूफ उघडलं. लिहिलं मीच होतं, तपासलंही मीच होतं, पण ऱ्हस्वदीर्घाच्या चुका शोधत. गोष्ट म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. तलावाच्या त्या ओळींपाशी आलो आणि मान वर केली, तेव्हा गोंदिया कधीच मागे पडलं होतं. समोर तिरोडा स्टेशनची पाटी.

घरी फोन लावला. बायको म्हणाली, "आता तिरोड्यात कोणावर ओरडाले गेले?"