एकोणीस दात्यांची गरारी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं माहीत आहे, कुणाशी भांडलो, कुठं फसलो, कोणत्या गोळ्या घेतो. पण हे नाही. आज तुमच्यापुढं बसलोय तर कुठून धरावं तेच कळंना. गाडीपासून? प्रल्हादभाऊपासून? की माझ्यापासून?

मी सोयगाव तालुक्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वाळूजला एकामागं एक कारखाने उभे राहत होते तेव्हा शहरात आलो आणि खालिद उस्तादच्या गॅरेजात लागलो. चार-पाच वर्षांत उस्ताद मला गिअरबॉक्स एकट्याला खोलू द्यायला लागले. मला त्याचा गर्व होता. तोच नडला का? माहीत नाही. असेलही.

प्रल्हादभाऊ जवळच्या एका छोट्या कारखान्याच्या पिकअपवर ड्रायव्हर होता. बिडाचे जड सुटे भाग गाडीत भरून दुसऱ्या कारखान्यांना पोचवायचे, हे त्याचं काम. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, बौद्धवाड्यातला, आणि नामांतराचा पक्का माणूस. विद्यापीठाच्या नावासाठी मोर्चा निघाला आणि हा त्यात नाही, असं झालं नाही. एकदा चहा पिताना त्यानं मला सरळ विचारलं होतं, "रंगा, तुझं काय म्हणणं? बदलावं का नाव?" मी म्हणालो, "मला काय कळतं त्यातलं, भाऊ." कळत होतं. आमच्या गावात त्यावरून काय काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण मी चहा पीत राहिलो. त्यानंही पुन्हा विचारलं नाही.

आता गाडीचं सांगतो. त्या पिकअपचा वेगाचा काटा बंद पडला होता. तेव्हाच्या गाड्यांत काट्याची केबल गिअरबॉक्समधून निघायची, आणि तिला फिरवायला आत एक लहानशी प्लास्टिकची गरारी असायची – दातेरी चाक, बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठं. तिचे दाते झिजले होते. मालकाला काटा चालू पाहिजेच होता. माल भरलेला असला की पंचेचाळीसच्या वर जायचं नाही, असा त्याचा दंडक होता. प्रल्हादभाऊ त्या गाडीवर नवाच होता आणि दंडक पाळणारा होता.

दुकानात ती गरारी नव्हती. उस्ताद म्हणाले सोमवारपर्यंत थांबू, आणि जुम्म्याच्या नमाजला गेले. मालकाचा माणूस घाई करायला लागला. मागं एक भंगार गाडी पडली होती, तिच्या गिअरबॉक्सची गरारी मी काढली. मूळच्या गरारीला सोळा दाते होते. हिला एकोणीस. मी मोजले होते – हे मला लपवायचं नाही. दाते जास्त म्हणजे केबल हळू फिरणार, आणि काटा कमी दाखवणार, हेही मला माहीत होतं. काटा पंचेचाळीसवर असेल तेव्हा गाडी त्रेपन्नच्या पुढं असणार. पण काटा हलतोय म्हटल्यावर सगळे खूश. चार दिवसांसाठी काय बिघडतंय, असं वाटलं. उस्तादला एवढंच सांगितलं, भंगारातली बसवली; दात्यांचं कुणाला काही बोललो नाही.

बरोबर गरारी सोमवारी आली. मी ती खणात ठेवली. गाडी आली की बदलू, असं ठरवलं. गाडी दोनदा आली – एकदा ब्रेकला, एकदा ऑइलला. दोन्ही वेळा आठवण होती. दहा मिनिटांचं काम. मग का नाही केलं? बदलताना उस्तादनं विचारलं असतं, पहिली का काढली, म्हणून? की नुसता आळस? मी खूप वेळा स्वतःला विचारलंय आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं.

महिना-दीड महिन्यानं गोलवाडीच्या वळणावर ती पिकअप पलटी झाली. दुपारची वेळ, गाडीत माल भरलेला. प्रल्हादभाऊला खरचटलं तेवढंच. पण मागं मालावर शेषराव नावाचा हमाल बसला होता. त्याचा पाय लोखंडाखाली आला. घाटी दवाखान्यात नेलं, तिथं गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

त्याच दिवशी क्रांती चौकात मोर्चा होता. बस – मग कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. नाक्यावर, कारखान्यात, आमच्या गॅरेजात, सगळीकडं एकच बोलणं: मोर्चाला पोचायचं होतं म्हणून पळवली गाडी. बोलणाऱ्यांना ते बोलताना बरं वाटत होतं. मी तिथंच उभा असायचो, हातात पाना घेऊन.

प्रल्हादभाऊ एकच सांगत होता – काटा पंचेचाळीसवर होता. पोलिसांनाही तेच, मालकालाही तेच. शेवटी मालकानं पंचनाम्यानंतर गाडी टोचन करून आमच्याकडं पाठवली, काटा तपासायला. उस्तादनं मला बोलावलं.

"सच बोल रे रंगनाथ, मीटर में तू कुछ उल्टा-सीधा किया क्या?"

"नै उस्ताद, कुछ बी नै किया."

इतकं पटकन निघालं तोंडातून, की मलाच नवल वाटलं. मग सगळे जेवायला बसले तेव्हा मी गाडीखाली शिरलो, एकोणीस दात्यांची काढली, सोळाची बसवली. तिला मुद्दाम काळं ग्रीस चोपडलं, नवी दिसू नये म्हणून. जुनी खिशात घातली आणि संध्याकाळी घरी जाताना खाम नदीत टाकली. थांबून एकदा विचार केला का? नाही. तेच मला समजत नाही. मी इतका निबर कधी झालो?

टायर बदलून उस्ताद स्वतः गाडी घेऊन निघाले, मालक शेजारी बसला. काटा पंचेचाळीसवर धरून मैलाच्या दोन दगडांमधला एक किलोमीटर घड्याळ लावून मोजला. ऐंशी सेकंद. बरोबर तेवढेच लागायला पाहिजेत. काटा चोख निघाला.

तरी प्रल्हादभाऊ दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आला. उस्तादकडं नाही, माझ्याकडं. कपाळावर पट्टी होती. म्हणाला, "रंगा, काटा तूच बसवला होता. मला बाकी कुणाचं नाय ऐकायचं. तू सांगशील ते मी मानतो. बरोबर होता का?"

इथं मी थांबू शकत होतो. उस्तादला खोटं बोललो ते भीतीनं, नोकरी जाईल म्हणून. पण हा माणूस माझी नोकरी घालवायला आला नव्हता. तो फक्त विचारत होता.

"बरोबर होता, भाऊ."

त्यानं कपाळावरची पट्टी चाचपली. मग मान खाली घातली. "व्हय, मंग माझंच चुकलं असंन. ध्यान मोर्चाकडंच होतं माझं, खोटं कशाला बोलू. काट्याकडं बघितल्यासारखं वाटलं, पर बघितलं नसंन."

माझ्यासमोर त्यानं आपल्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला. कोर्टातही त्यानं मग काट्याचं नाव काढलं नाही. चूक कबूल केली, शिक्षा भोगली. सुटल्यावर स्टेअरिंगला हात लावला नाही. बांधकामावर वाळू चाळायला जायचा. दर महिन्याला शेषरावच्या घरी जाऊन त्याचं दळण आणून द्यायचा, लाकडं फोडायचा. शेषरावनं त्याला कधी शिवी दिली नाही, असं ऐकलंय. त्यानं दिली असती तर बरं झालं असतं का? कुणासाठी?

कधी कधी मी वेगळा हिशोब मांडतो. त्रेपन्नच्या वेगानं त्या वळणावर गाडी पलटी व्हायलाच पाहिजे होती का? माल नीट बांधला होता का? ड्रायव्हरला काटा न बघताही वेग कळतोच की. कदाचित तो खरंच घाईत असेल. कदाचित सोळाची गरारी असती तरी तेच झालं असतं. आणि दुसरंही मनात येतं – प्रल्हादभाऊ आमच्या आळीतला असता, माझ्या भावकीतला असता, तर मी तोंड उघडलं असतं का? याचं उत्तर मला नको आहे. म्हणजे ते मला माहीत असणार.

मग किती तरी वर्षांनी विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. शहरात कुठं ढोल, कुठं बंदोबस्त. मी गुलमंडीतून पेढे घेतले आणि प्रल्हादभाऊच्या घरी गेलो. का गेलो? वाटलं, आज सांगून टाकावं. आनंदाच्या दिवशी माणूस माफ करतो, असलं काहीतरी डोक्यात होतं. त्याची सगळी गल्ली रस्त्यावर नाचत होती. हा घरात खाटेवर बसला होता, दार लोटून.

त्याची बायको मला म्हणाली, "तुम्ही तरी सांगा, दादा. जन्मभर ज्याच्यापायी पायपीट केली, ते आज झालं. आन् हे बाहेर येईनात."

तो म्हणाला, "कोणत्या तोंडानं जाऊ त्या गर्दीत? मोर्चावाल्यानं माणूस पांगळा केला म्हणून किती वर्षं ऐकवलं लोकांनी साऱ्यांना. माझ्या एकट्यापायी."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. आणि म्हणालो, "जाऊ द्या, भाऊ. होतं असं एखाद्या वेळी."

तो हसला. "तू लई जीव लावतो मला, रंगा. त्यावेळचं कोणी राहिलं नाय, तू तेवढा येतो." आणि मी आणलेल्या पुड्यातला पेढा त्यानं मलाच भरवला.

मी तो खाल्ला. चहा घेतला आणि निघून आलो.

त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. सणावाराला जात होतो, तो दवाखान्यात होता तेव्हा उशाशी बसलो होतो, एकदा तर खोलीत आम्ही दोघंच होतो, बराच वेळ. तेव्हाही सांगितलं नाही.