चीक नसलेलं करवंद
काल बहिणीनं पाठवलेली करवंदाच्या लोणच्याची बरणी उघडली, वास नाकात गेला आणि मला तो ड्रायव्हर आठवला. झाली असतील बघा दहा-बारा वर्षं. इथं आखातात मुलाच्या ऑफिसचा ड्रायव्हर, राजापूरकडचा. माझे गुडघे दाखवायला अबू हमूरच्या दवाखान्यात घेऊन गेला होता. येताना गाणंही लावलं नाही त्यानं. विचारलं तर म्हणाला, "रजा खलास, काकू. साहेबांनी परत पुढं ढकलली. पोरगी चालायला लागली, मी अजून मांडीवर घेतली नाही तिला." आणि एकदम मोकळ्या माळाशी त्यानं गाडी थांबवली. "काकू, करवंदाची जाळी!" काटेरी, धुळीनं पांढरी पडलेली, मिरीएवढ्या लाल फळांची जाळी, आत बुलबुलांचा नुसता गोंधळ. दुखऱ्या पायांनी कशीबशी उतरले, फांदी मोडून पाहिली, तर करवंदासारखा पांढरा चीक नाही! ही इथल्या वाळवंटातली औसज नावाची झाडी, पावसाच्या दोन सरींवर फळणारी. म्हटलं, "अरे, करवंद नव्हे हे." "ठाऊक आहे हो. आज करवंदच म्हणा." मग एक फळ मुठीत धरून म्हणाला, "कोंबडा की कोंबडी?" आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी, हा आमचा कोकणातला पोरखेळ. ते आतबाहेर लालच असणार हे कळत होतं, तरी मी कोंबडी म्हटलं. त्यानं दातानं फोडून दाखवलं. "हरलात, काकू!" म्हणत दिवसभरात पहिल्यांदा हसला. आता गाडीतून उतरणंही माझ्याच्यानं होत नाही. त्या दिवशी उतरले आणि हरले, ते बरं झालं.