अनंताला ॲसिड

पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला सगळी गल्ली 'का-का' म्हणायची. वयाने तो काका होताच, पण खरं कारण म्हणजे त्याच्या तोंडात सदा एकच शब्द: का? पंप चालू झाला की लोकांचं काम भागतं. याला मात्र तो बंद का पडला हे कळल्याशिवाय घास उतरायचा नाही. बायको म्हणायची, "तुमच्याशी संसार म्हणजे रोजची तोंडी परीक्षा!"

या बाईचा जीव अडकला होता एका कुंडीत. आई गेली, मागोमाग माहेरचं घर विकलं गेलं. तिथून तिने आणली ती फक्त अनंताची एक फांदी. फांदी रुजली, झाड झालं, आणि आता पिवळं पडत चाललं होतं. नुसत्या शिरा हिरव्या. खत झालं, माती बदलून झाली, तरी कळ्या धरायच्या आणि गळायच्या. "हेही जाणार बघा," असं म्हणत ती गळलेल्या कळ्या वेचायची.

का-काच्या कामाची एक तऱ्हा होती. बोअरच्या पाण्याने पंपाच्या भागांवर चुन्याचा पांढरा थर चढतो. हा गडी तो खरवडत बसायचा नाही. भाग लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजत घालायचा आणि उरलेलं पाणी मागच्या मेंदीच्या कुंपणाशी भिरकावून द्यायचा. एक दिवस बघतो तर काय, पाणी पडायचं तेवढंच कुंपण हिरवंगार, बाकीचं पिवळट! का बरं?

तडक रोपवाटिका गाठली. सगळं ऐकून तिथल्या बाई म्हणाल्या, "अहो, मुळं स्वतःच मातीत असलं आंबट सोडतात. पानं हिरवी ठेवणारं लोह मातीत असतं, पण घट्ट धरलेलं. आंबटाने ते सुटतं. तुमच्या पाण्यातला चुना मुळांना पुरून उरतो, म्हणून झाड उपाशी. बादलीभर पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व घाला. पंपाचं मळकं पाणी नको हं, ताजं करा."

मुळं आंबट सोडतात! का-का हरखलाच. म्हणजे हे झाड जमिनीखाली गुपचूप स्वयंपाक करतंय की! त्याच धुंदीत घरी आला आणि दारातूनच ओरडला, "अगं, अनंताला ॲसिड घालायचंय!"

झालं! ॲसिड म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे न्हाणीची फरशी घासायची बाटली. तिने कुंडी उचलली, खोलीत नेली आणि आतून कडी घातली.

"अगं, लिंबातलं ॲसिड!"

"फरशीवर ओता तुमचं ते!"

का-काने कपाळावर हात मारला. मग खिडकीसमोर बादली ठेवली, तिच्या डोळ्यांदेखत चिमूट विरघळवली आणि पेलाभर पाणी गटागटा प्यायला.

"पोटात दुखलं तर मला सांगायला येऊ नका," ती आतून म्हणाली. पण कडी निघाली.

जुनी पानं काही सुधारली नाहीत. दोघं रोज वाकून बघायची. मग शेंड्याला एक कोवळं, हिरवं पान आलं, मागून आणखी आली. कळ्या धरल्या आणि या खेपेला टिकल्या.

पहिलं फूल उमललं त्या सकाळी तिने त्याला नाक लावलं आणि तशीच पायरीवर बसली.

"आई गेली त्या दिवशी मी आल्यागेल्यांचा चहा करत होते हो," ती म्हणाली. "रडायचं राहूनच गेलं."

आणि ती हमसून हमसून रडली. का-का तिच्याशेजारी बसून राहिला.