प्रलंबित एक

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, आणि आजवर परीक्षेच्या पेपरात लिहिलं तेवढंच माझं लिहिणं. एका माणसाबद्दल असं लिहायला बसायचा तुला काय अधिकार, हे तुमच्याआधी मीच स्वतःला विचारून झालं आहे. उत्तर सापडलं नाही, म्हणून आधीच माफी मागतो. दुसरी माफी यासाठी की हे मी रागात लिहितो आहे. राग शांत झाल्यावर लिहावं असं आमचे सर म्हणतात. पण तो शांत होत नाही, त्याला मी काय करू?

त्यांचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. हिंगणघाटहून एसटीनं तासाभराच्या आत लागणारं एक गाव, नगरपंचायतीचं, एवढं पुरे.

आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांची एक सवय होती. समोर आलेली वस्तू दोन बोटांत धरायची, उलटी करून बघायची आणि विचारायचं, "हे काढलं तं काय बिघडते?" चहाच्या टपरीवर कागदी कप आला की कप हातात धरून हाच प्रश्न. टपरीवाला वैतागून म्हणायचा, "काई नाई बिघडत दादा, चहा तेवढा तुमच्या पॅन्टवर सांडते." मग दादा खिशातून स्वतःची स्टीलची वाटी काढायचे.

ते वेबसाइट बनवत. बरीच वर्षं पुण्यात होते, मग परत आले आणि झेरॉक्सच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. का परत आले हे मी कधी विचारलं नाही. खोलीत एक टेबल, एक लॅपटॉप, आणि गच्चीवर ओल्या कचऱ्याचे दोन ड्रम. घरमालकीण खालून ओरडायची, "वरतं किडे पाळून राह्यला हा माणूस!" दादा वरून उत्तर द्यायचे, "गांडूळं आहेत काकू, भाडं मागत नाईत."

मी बीएस्सीला कॉम्प्युटर घेतलं होतं, म्हणून त्यांच्याकडे जायला लागलो. फ्रेमवर्क हा शब्द मी त्यांच्याकडेच नीट समजून घेतला. दुसऱ्या कोणी तरी आधीच बांधून ठेवलेला सांगाडा, आपण फक्त भिंती भरायच्या. असे कितीतरी सांगाडे त्यांना पाठ होते. कोणता नवा आला, कोणाचा कोणता भाग फुगला, हे ते आवडीनं वाचत, आमची पोरं क्रिकेटचं वाचतात तसं. पण स्वतः काम करताना एकेक गोष्ट काढत जायचे. मी केलेलं पहिलं पान त्यांनी आमच्या बाबांच्या जुन्या मोबाईलवर उघडायला लावलं. ते उघडेना. "तुहं पान तुह्या बापालेच दिसत नाई, मंग कोणासाठी बनवलं?" ते म्हणाले. मला खूप लागलं होतं ते.

भीमजयंतीच्या जेवणात थर्माकोलच्या ताटल्या नकोत असं त्यांनी एकदा ठरवून टाकलं. पोरं म्हणाली, "मंग काय हातावर भाजी घेऊ?" दादांनी दिवसभर फिरून वस्तीतल्या घराघरांतून स्टीलची ताटं गोळा केली. जेवण छान झालं. परत देताना मात्र सगळी ताटं इकडची तिकडं गेली. पुढं महिनाभर बाया एकमेकींच्या घरात ताटं ओळखत फिरत होत्या आणि दादा प्रत्येक भांडणाला हजर. एक आजी त्यांना म्हणाली होती, "तू इथून निघून गेला तं काय बिघडते रे?" ते एवढे हसले की खाली बसले.

आता धुराचं सांगतो. आमच्या वस्तीत विहाराच्या मागं गावाचा कचरा टाकतात. टाकतात आणि पेटवून देतात. प्लास्टिक, टायर, दवाखान्यातलं काय काय. सकाळी सहा वाजता धूर घरात येतो. माझ्या आईला दमा आहे. कापूस वेचायला जायच्या आधी ती दाराच्या फटीला जुन्या लुगड्याचा ओला पदर लावून बसते, श्वास जागेवर यायची वाट बघत. मला आठवतं तेव्हापासून ती अशीच बसते. नगरपंचायतीत अर्ज किती दिले ते विचारू नका. प्रत्येक अर्जावर 'निकाली' असा शिक्का पडायचा. धूर तसाच.

नगरपंचायतीला तक्रारींची वेबसाइट हवी होती, ते काम दादांना मिळालं. ती तिथल्या साहेबांना दाखवायला गेले तेव्हा मीही गेलो होतो. साहेब बघत बघत थांबले. "निकाली काढायचं बटन कुठं आहे?"

"तक्रार करणाऱ्याकडं," दादा म्हणाले. "त्याच्या मोबाईलवर ओटीपी जाते. काम झालं असं त्याले वाटलं तं तो नंबर देते. मंगच तक्रार बंद होते."

"आणि ऑफिसच्या बटनाचं काय?"

"ते काढलं तं काय बिघडते?"

"आमचं काम बिघडते ना हो!" साहेब हसत म्हणाले. पण त्यांनी सही केली. या वस्तीतून मोबाईलवर कोण तक्रार करणार, असं त्यांना वाटलं असावं.

वस्तीतून अठ्ठावीस तक्रारी गेल्या. दादांचं पान जुन्यातल्या जुन्या मोबाईलवर उघडत होतं. आमची तक्रार मी बाबांच्या नंबरवरून केली, कारण घरात कायमचा नंबर तोच. साइटवर सगळ्यांना दिसायचं: प्रलंबित अठ्ठावीस. तो आकडा काही केल्या हलेना. मला वाटलं, झालं, आता कचरा उचलावाच लागेल.

मग वरून तपासणी येणार असं कळलं. त्या दिवशी मी कॉलेजला हिंगणघाटला होतो. संध्याकाळी घरी आलो तर बाबा खुशीत. "आज आपल्या घरी नगरपंचायतीचा बाबू आन मेंबर येऊन गेले. खुर्चीवर बसले, चहा पेले. मोबाईलवर नंबर आल्ता, हात जोडून मांगतला बिचाऱ्यायनं. देल्ला मी."

साइट उघडली. प्रलंबित शून्य. सगळी घरं एका दुपारी झाली होती.

मी बाबांवर ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहिणार नाही. आई दारात उभी होती. मी तसाच दादांकडे गेलो आणि सांगितलं की माझ्या बापानं तुमचं सगळं मातीत घातलं. दादांनी लॅपटॉप मिटला आणि माझ्यासोबत घरी आले. बाबांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"जय भीम बाबा. ते नेमकं काय म्हणले?"

बाबांनी बोटं मोडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेंबर म्हणे, नंबर देऊन टाका. नाई तं तुमच्या पोराची स्कॉलरशिप वरतं अडकन."

"ते त्यायच्या हातात आहे काय?"

"मले काय मालूम बापू? तुमाले मालूम असन."

खुर्ची, चहा, हात जोडणं हे सगळं माझ्यासाठी होतं. पोराला आपली भीती कळू नये म्हणून बाबांनी ते रचलं होतं, आणि मी त्यांच्यावर ओरडून मोकळा झालो होतो. तो दिवस आठवला की मला आधी माझाच राग येतो. मग मेंबरचा. मग नगरपंचायतीच्या त्या साहेबाचा, ज्यानं तपासणीआधी 'किती बाकी?' एवढंच विचारून बाबूला आणि मेंबरला घरोघरी पाठवलं.

दादा दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. टेबलावर हात आपटून बोलले असं शिपायानं सांगितलं. "गरिबाच्या घरी जाऊन पोराच्या नावानं धमकी देता? लाज वाटते काय तुमाले?" साहेब म्हणाले, "आवाज खाली. तुमचं काम संपलं." करार रद्द झाला. आठवडाभरात घरमालकिणीनंही खोली सोडायला सांगितलं, आणि यावेळी कारण गांडुळं नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर स्वतःच्या नंबरवरून एक तक्रार टाकली. विहारामागचा कचरा, धूर, सोबत फोटो. "नवा माणूस भेटेपर्यंत साइटले कोणी हात नाई लावत," ते म्हणाले. "आन माह्याकडून नंबर मांगून दाखवा म्हणा."

ते नागपूरला बहिणीकडे गेले. सुरुवातीला फोन व्हायचे. "आई कशी आहे?" हा पहिला प्रश्न. आई तशीच, दाराला पदर लावून. मग माझ्या परीक्षा आल्या, फोन कमी झाले. पण मी रोज साइट उघडायचो. प्रलंबित एक. ऑफिसला सगळं काम झालं असं लिहिता येत नव्हतं. त्या एका आकड्यावर आमची सगळी वस्ती उभी आहे असं मला वाटायचं. कुठे तरी, कोणी तरी वरचा माणूस विचारेल, हा एक का राहिला? आणि त्याला विहारामागं यावं लागेल.

गेल्या सोमवारी साइट उघडली तर प्रलंबित शून्य. मी दादांना फोन लावला. एका बाईनं उचलला.

"तुमी धूरवाले भाऊ काय? मोबाईलात तसंच लिहून आहे तुमचं नाव. मी त्याची बहीण बोलते."

"दादा कुठं आहेत?"

"भाऊ गेला ना. महिना होते. सकाळी आंघोळीले गेलता, तिथंच पडला. डॉक्टर म्हणे हार्टचं होतं. कोणाकोणाले कळवाचं, मले काई समजलंच नाई."

  ती पुढं सांगू लागली.

"तुमच्याकडच्या ऑफिसातून लय फोन येत होते त्याले. मी सांगतलं, भाऊ नाई राह्यला आता. तं ते म्हणे, हरकत नाई ताई, नंबर तं मोबाईलवरच येते, तुमी वाचून सांगा."

"मग? सांगितला तुम्ही?"

"हो, सांगून देल्ला. मले वाटलं, त्याचं काई काम अडून राह्यलं असन तिकडं."