दिव्यापुरता कापूस

जठारपेठेत गादीवाल्याच्या दुकानावरून जाताना कापसाचा वास आला, की मी अजूनही तोंड उघडून श्वास घेते.

मी आठ वर्षांची होते. परतवाड्याजवळच्या आमच्या गावी भाव येईस्तोवर कापूस मागच्या खोलीत आढ्यापर्यंत भरत, आणि तो दबावा म्हणून आम्हा पोरांना त्यावर नाचायला सोडत. त्या दिवशी मी एकटीच नाचत होते. दाराजवळच्या भिंतीशी पाय खचला आणि मी सरळ तळाशी गेले. ओरडायला तोंड उघडलं, तर कापूसच आत शिरला.

वरच्या झरोक्यातून बाबा गाठोडी रिकामी करत होते. प्रत्येक गाठोड्याचं ओझं माझ्या छातीवर येत होतं.

"पोट्टी कुठी गेली वं?" बाबांनी विचारलं.

"खेळत असन बाहेर," आई म्हणाली.

मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं. माझं त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

दिवेलागणीला वाती संपलेल्या निघाल्या. आईनं दाराच्या आडव्या फळ्यांमधून मूठभर कापसासाठी हात घातला, आणि मुठीत माझी वेणी आली.

"अहो, थांबा! पोट्टी अंदर हाय!"

मला उपसून काढल्यावर बाबा रागावले नाहीत. देवापुढे नुसते बसून राहिले. हात जोडायचंही त्यांना सुचेना. मला वाटलं, चला, मार चुकला.

आता रोज सांजेला मी देवाला हात जोडते, आणि नेमकं तेव्हाच मनात येतं, आईनं त्या दुपारी वाती वळून ठेवल्या असत्या तर?

माझ्या डब्यात वात कधी शिल्लक नसते. ठेवायची हिंमतच होत नाही.