निराळं अंडं

“कळतं हो बाय, सगळं कळतं,” असं म्हणत काकी, मासळीवालीने ताज्या बांगड्यांखाली सरकवलेला शिळा बांगडाही पाटीत घेत. परत मात्र देत नसत. रत्नागिरीतल्या आमच्या आळीत त्यांना भोळ्या समजत. तुम्हीही तसंच समजला असता.

त्याचं कारण निराळंच होतं. काकींना मूलबाळ नव्हतं. यजमान बोटीवर खलाशी. एकदा ते मुंबईहून तान्ही मुलगी घेऊन आले. म्हणाले, “पोरकी आहे.” मुलीचं नाक हुबेहूब त्यांचं! साऱ्या आळीने ओळखलं. काकींनी तेवढं ओळखलं नाही, असं आम्ही धरून चाललो. पुढे यजमान वारले, मुलगी लग्नाला आली, तरी तसंच.

त्या वैशाखात त्यांच्या विहिरीवरच्या फणसावर कावळीने घरटं केलं. माडीवरून आतलं दिसे. निळसर अंड्यांत एक लहान, निराळं. कावळी अंडी चोचीने फिरवी, त्या एकापाशी थबके आणि मग सगळ्यांवर बसे.

“कोकिळेचं ते. हिला कसं ओळखू येत नाही?” मी काकींना विचारलं.



कोकिळेचं पिल्लू आधी निघालं. घास तेच ओढी. कावळीची पिल्लं वाळत चालली. एका सकाळी शेजारचे तात्या आंबे काढायची आकडी घेऊन आले. काकी फणसाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“बाजूला व्हा. ते पिल्लू खाली पाडतो. हिची स्वतःची मरायला लागलीत. फसलीय ती!”

“फसली नाही.”

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं?”

तात्यांनी आकडी वर केली. कावळी झेपावली आणि नेमकी काकींच्याच टाळूवर चोच मारून गेली. कपाळावर रक्त उतरलं. काकी हलल्या नाहीत.

“नाक कोणाचं, ते मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, तात्या. ओळखूनच पदराखाली घेतली तिला.”

मागच्या दारात मुलगी कळशी घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिथे जमलेल्या आमच्यापैकी कोणाची तिच्याकडे बघायची छाती झाली नाही.

तिने कळशी खाली ठेवली. तात्यांच्या हातातली आकडी काढून कुंपणाच्या दगडी गडग्याला टेकवली आणि आपला पदर काकींच्या जखमेवर दाबून धरला.

“आये, आत चल. हळद लावते.”

“चल गो.”

कावळीचं एकच पिल्लू जगलं. कोकिळेचंही उडून गेलं.

पुढे मुलीचं लग्न संगमेश्वरला ठरलं. “आये माझ्याबरोबर येईल,” एवढीच तिची अट होती. मी मोटारीपर्यंत पोचवायला गेलो, हात जोडले. काकींचं लक्षच नव्हतं. मुलीच्या नव्या लुगड्याचा काठ मोटारीच्या दारात अडकू नये म्हणून त्या वाकून तो आत ओढून घेत होत्या.